शिकायला गेलेल्यांची संध्याकाळ

चाकणहून तळेगाव दाभाड्याकडे जाणारा रस्ता सुमारे वीस किलोमीटरांचा. कंटेनर, मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्यामधून वाट काढणारे कांद्याचे टेम्पो यांनी तो दिवसभर इतका गजबजलेला असतो, की त्याला काही पूर्वेतिहास असेल अशी शंकाही कुणाला येऊ नये. परंतु त्याच्या तळेगावच्या टोकाला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला आणि चाकणच्या टोकाला २००९ साली फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे कारखाने उभे राहिले. दोन घटनांमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, तरी दोहोंच्या मुळाशी एकच कृती दिसते. कोणीतरी परदेशी गेले, तेथे उमेदवारी करून एक हुन्नर शिकले आणि परत आले.

‘उमेदवारी’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. निवडणुकांनी त्याचा अर्थ पळवून नेण्यापूर्वी कचेरीत वा कारखान्यात, पुष्कळदा बिनपगारी, काम शिकत राहणाऱ्या होतकरू माणसाला मराठीत उमेदवार म्हणत. ‘प्रशिक्षणार्थी’ या सरकारी शब्दात शिकणे आहे. उमेदवार या शब्दात उमेदही आहे.

या परदेशी उमेदवारीचा इतिहास लिहिताना काय शिकले, कोठे शिकले आणि परतल्यावर काय उभारले एवढेच आपण विचारीत आलो. आम्हांला येथे दुसरा, काहींना चवचाल वाटेल असा प्रश्न विचारायचा आहे: काम सुटल्यावर ही माणसे काय करीत? ज्या शहरात ती राहिली त्या शहराचा उपभोग त्यांनी घेतला की नाही, आणि घेतला असेल तर तो सांगितला का? मराठी गद्याने या प्रश्नाला दिलेली उत्तरे चमत्कारिक आहेत. ज्यांनी हुन्नराविषयी लिहिले त्यांच्या लिखाणात शहर जवळजवळ नाही, आणि ज्यांनी शहराविषयी लिहिले त्यांच्या लिखाणात हुन्नर नावापुरता. ही फारकत लेखकांच्या स्वभावातून आली असे आम्हांला वाटत नाही. ती पैशातून आली. कोणाच्या पैशाने गेलो, यावर परतून काय सांगायचे हे ठरत गेले.

तळेगावचेच पाहा. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली ती अशी, की प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून स्वदेशी उद्योग उभे राहावेत. टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या निधीतून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. त्याची तांत्रिक जबाबदारी घेतली ती ईश्वरदास वार्ष्णेय या तरुणाने. तो मूळचा उत्तरेकडचा. काचेची विद्या जपान आणि अमेरिका येथे शिकून आलेला. तळेगावात शिकलेले कारागीर पुढे देशातील अनेक काच कारखान्यांत पसरले आणि भारतीय काच उद्योगाच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी आणि अमेरिकी शहरे पाहिलेल्या या माणसाची आठवण आपण भट्टी, वाळू आणि सोडा यांच्याबरोबरच ठेवली. त्याने ती शहरे कशी पाहिली, याची त्या काळच्या सार्वजनिक चर्चेला गरज वाटली नाही. ज्या कारखान्यामागे हजारो लोकांचा एकेक पैसा उभा आहे, त्याच्या तंत्रज्ञाने आपण तेथे कोणत्या नाट्यगृहात गेलो होतो हे सांगावे तरी कसे? दान घेणाऱ्याने जेवताना मिटक्या मारू नयेत, असा आपल्याकडे एक अलिखित दंडक आहे.

हा दंडक त्याच्याही आधीचा. अमेरिकेला शिकायला जाण्याची वाट पुणेकरांना नवी नव्हती. केशव मल्हार भट हे पुण्याचे गृहस्थ १८८२ मध्येच बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाले होते. पुढच्याच वर्षी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या. त्यांच्या प्रवासासाठी दागिने विकावे लागले, वर्गणी जमली, व्हाइसरॉय रिपन यांनीही मदत पाठविली. इतक्या लोकांचे डोळे ज्या मुलीकडे लागलेले, तिने फिलाडेल्फियात काय अनुभवले हे आपण तिच्या पत्रांतून वाचतो तेव्हा त्या पत्रांत एक सावधपणा सतत जाणवतो. न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात तिला माया मिळाली, खेळीमेळी मिळाली. पण थंडीमुळे लुगडे नेसण्याची पद्धत बदलावी लागली तर तेही घरी कळवावे लागे, त्याचे समर्थन द्यावे लागे. ११ मार्च १८८६ रोजी तिने पदवी घेतली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, परतल्यावर काही महिन्यांतच, ती गेली. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ने १९६८ मध्ये तिची कथा घराघरांत नेली. तिच्या अमेरिकेतील तीन वर्षांत आनंदाचे दिवसही असणार, हे मात्र तिच्या अकाली मृत्यूच्या सावलीत आपल्याला कधी नीट दिसलेच नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या पुढे अमेरिकेतच थांबल्या, किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण त्यांनी तेथे घेतले, देशभर व्याख्याने दिली आणि १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक लिहिले. आमच्या विद्यार्थ्यांनी ते अभ्यासक्रमाबाहेरही वाचावे असे आम्ही नेहमी सांगतो. त्यात शहर आहे, आणि ते भरभरून आहे. पण ते शहर उपभोगाचे नव्हे, धड्याचे. तेथील संस्था, घरे, शाळा, स्त्रियांची मंडळे, यांतले काय घ्यावे आणि काय टाकावे याची नोंद त्या करीत राहतात. वर्णभेदासारखी तेथील वैगुण्येही त्या झाकत नाहीत. रमाबाईंची नजर इतकी चौकस, की तिला रमायला वेळच मिळत नाही. तरी दंडक पाळूनही शहर लिहिता येते, हे त्यांनी दाखविले.

आणि मग फाळके. १९१२ च्या फेब्रुवारीत धुंडिराज गोविंद फाळके लंडनला निघाले तेव्हा त्यांचे वय एकेचाळीस. सार्वजनिक वर्गणी त्यांच्यामागे नव्हती. होता तो विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभा केलेला पैसा. त्यापूर्वी १९०९ मध्ये छपाईच्या धंद्यासाठी ते जर्मनीला जाऊन आलेले होते, म्हणजे परदेश त्यांना अपरिचित नव्हता. लंडनला त्यांनी ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांना गाठले. कॅबर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यात पडू नये असेच सुचविले आणि नंतर वॉल्टन येथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. तेथे सर्व विभाग पाहण्याची मुभा मिळाली. विल्यम्सन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्च्या फिल्मची व्यवस्था करून १ एप्रिलला ते परत आले. पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. परदेशी उमेदवारीचे इतके तातडीचे फळ मराठी माणसाच्या इतिहासात दुसरे क्वचितच असेल.

या प्रवासाविषयी फाळक्यांनी ‘नवयुग’ मासिकात १९१७-१८ च्या सुमारास लेख लिहिले. ते वाचताना आम्हांला नेहमी एक गोष्ट खटकते आणि त्याच क्षणी ती आवडतेही. लंडन येथे पूर्ण पार्श्वभूमीला गेले आहे. त्या काळी जगातील सर्वांत मोठे असलेले शहर, तेथील रंगभूमी, संग्रहालये, चित्रगृहे आणि आपला हा कलावंत. तो जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन यांत शिकलेला, छायाचित्रण, मुद्रण, जादूचे प्रयोग अशा दहा विद्या हाताळलेला. लंडनला तो हरखला नसेल हे आम्हांला खरे वाटत नाही. पण गहाण पडलेल्या पॉलिसींची आठवण ठेवून लिहिणाऱ्याला हरखणे परवडत नाही. शिवाय फाळक्यांच्या बाबतीत एक सोय होती: त्यांचे कामच असे की चित्रपट पाहणे हीच उमेदवारी. तिकीट काढून अंधारात बसलेला माणूस काम करतो आहे की मजा, हे त्याचे त्यालाही सांगता येऊ नये.

अशीच सोय काही वर्षांनी व्ही. शांताराम यांना मिळाली. प्रभातच्या ‘सैरंध्री’ या रंगीत चित्रपटाचे काम जर्मनीत करून घेण्यासाठी ते १९३३ च्या सुमारास तेथे जाऊन राहिले. रंग मनासारखे उतरले नाहीत, पण जर्मन चित्रपटाची छायाप्रकाशाची भाषा ते घेऊन आले. परतल्यानंतर पुण्याच्या स्टुडिओत झालेल्या ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूचा पडदाभर पसरलेला एक डोळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कामाबाहेरचे पाहणे कसे कामात उतरते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. चित्रपटवाल्यांची ही चैन लोखंडाच्या माणसाला नव्हती. त्याला संग्रहालयात दिसलेले चित्र लेथवर उतरविता येत नाही, म्हणून ते पाहण्यात घालविलेली दुपार त्याच्या हिशेबात वाया गेलेलीच ठरते.

लोखंड आणि साहित्य यांची मराठीत एकदा मात्र विलक्षण गाठ पडली. लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली, मालाची जाहिरात करण्यासाठी. शंकरराव किर्लोस्करांच्या हातात तिचे बघता बघता मासिक झाले आणि त्या मासिकाने मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडविली. याच घराण्यातील शंतनुराव बोस्टनच्या त्याच इन्स्टिट्यूटमधून १९२६ साली यंत्रशास्त्राची पदवी घेऊन परतले. कारखान्याच्या पोटातून एखादे वाङ्मयीन मासिक जन्माला येऊ शकते, हे आज चाकणच्या पार्श्वभूमीवर अविश्वसनीय वाटते. पण ते घडलेले आहे.

पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ येथे येते. आकाशवाणीत नोकरीला असताना त्यांना दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बी. बी. सी.मध्ये पाठविण्यात आले. त्यानंतर ते फ्रान्स आणि जर्मनीतही राहिले. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले आणि १९६० मध्ये शि. द. फडणीसांच्या चित्रांसह ‘अपूर्वाई’ प्रसिद्ध झाले. वाचकांनी क्षणभर पुस्तक न उघडता आठवून पाहावे: त्यातून काय लक्षात राहिले? लंडनचे रस्ते, माणसे, नाटके, खाणे, पॅरिस. कॅमेरा कसा लावतात, स्टुडिओतले काम कसे चालते, हे किती जणांना आठवते? ज्या कामासाठी हा गृहस्थ गेला ते काम वाचकाच्या स्मरणातून जवळपास पुसले गेले आहे आणि राहिली आहे ती फक्त संध्याकाळ.

याला आम्ही दोष म्हणत नाही. उलट मराठी गद्यातील ही एक मुक्तीच म्हटली पाहिजे. पहिल्यांदाच परदेशी उमेदवाराने आपण तेथे रमलो असे खुल्या आवाजात सांगितले, पत्नीसह रमलो असे सांगितले, आणि वाचकांनी त्याचा हेवा न करता त्याच्याबरोबर हिंडून घेतले. हे शक्य झाले याचे एक कारण अर्थातच पुलंची प्रतिभा. दुसरे कारण रुक्ष आहे: सरकारी नोकरीतल्या माणसाला कोणाचा एकेक पैसा परत करायचा नव्हता. मात्र या मुक्तीची किंमतही द्यावी लागली. पुढे मराठीत प्रवासवर्णनांचे पीक आले, आणि त्यात काम जे बाहेर पडले ते जवळपास बाहेरच राहिले. प्रवासी म्हणजे सुटीवरचा माणूस, असे समीकरण होऊन बसले. कामासाठी गेलेल्याची संध्याकाळ आणि सुटीवर गेलेल्याची संध्याकाळ या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीला पाय दुखत असतात.

पुलंच्या याच प्रशिक्षणाच्या काळात पुण्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला दुसरीच एक ये-जा सुरू झाली होती. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली, हँबुर्गच्या हारबुर्ग भागातील टेम्पो कारखान्याच्या तांत्रिक सहकार्याने. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेने कारखान्यांची ओळ लागली. टेल्कोचा डाइमलर-बेंझशी करार जमशेदपूरचा, १९५४ चा. पुढे ती कंपनीही पिंपरीत आली. सहकार्य करार म्हणजे केवळ आराखडे आणि यंत्रे नव्हेत. करारांबरोबर माणसांची ये-जा आलीच. परकीय चलन इतके तोटके मिळे, की त्या वेळच्या उमेदवाराला परदेशी शहराचा उपभोग घ्यायचा तो चालत आणि काचेबाहेरूनच.

या पिढीने पुस्तके लिहिली नाहीत. पण तिच्या काळाचा एक शब्द आपल्या भाषेत राहिला आणि तो आम्हांला अनेक प्रवासवर्णनांहून मोलाचा वाटतो. हँबुर्गच्या कारखान्याने आपल्या तीनचाकी मालगाडीला ‘हान्झेआट’ नाव दिले होते. मध्ययुगीन व्यापारी नगरांच्या संघातल्या शहराचा अभिमानी नागरिक, असा त्याचा अर्थ. ते नाव आपल्याकडे कोणी उच्चारले नाही. कंपनीचे नाव मात्र सामान्यनाम होऊन बसले. आज लातूरपासून सावंतवाडीपर्यंत कोणत्याही कंपनीच्या छोट्या मालगाडीला लोक टेम्पो म्हणतात, आणि लग्नाच्या वऱ्हाडापासून शेणखतापर्यंत सर्व काही टेम्पोने जाते. मॅटॅडोरचीही तीच कथा. ज्या शहरातून तो शब्द आला ते १९४३ च्या बाँबवर्षावात होरपळून पुन्हा उभे राहत होते. तेथे जाऊन आलेल्यांनी ती पुनर्बांधणी पाहिली असणार. पण आपल्या वाट्याला त्यातले दोन शब्द आले.

चाकणची गोष्ट येथून पुढे सुरू होते. बजाज ऑटोचा कारखाना तेथे १९९९ मध्ये आला. दहा वर्षांनी म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या हद्दीत जर्मन कंपन्या आल्या. या वेळी पैसा कंपनीचा होता, चलनाचा काच संपलेला होता, आणि वोल्फ्सबुर्ग किंवा श्टुटगार्टला काही आठवडे, काही महिने काढून येणे हा नोकरीचा एक भाग झाला. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायचे आणि व्हिसाची वाट पाहायची, हा पुण्यातल्या कित्येक तरुण अभियंत्यांचा आयुष्यक्रम बनला.

वोल्फ्सबुर्गविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण चाकणकडे पाहायला ते शहर उपयोगी पडते. ते जुने जर्मन शहर नव्हेच. १ जुलै १९३८ रोजी नाझी राजवटीने मोटारीच्या कारखान्यासाठी कालव्याकाठी वसविलेली ती वसाहत. तिला आजचे नावदेखील १९४५ मध्ये मिळाले. युद्धात तेथे वेठबिगारांकडून काम करून घेतले गेले; साठच्या दशकात इटलीहून कामगार आले. म्हणजे कारखाना आधी आणि शहर नंतर, अगदी चाकण औद्योगिक पट्ट्यासारखे. पण १९६२ मध्ये त्या शहराने फिनलंडचा थोर वास्तुकार आल्वार आल्टो याच्याकडून ग्रंथालय असलेले संस्कृतिभवन बांधून घेतले होते. १९९४ मध्ये तेथे कलासंग्रहालय उघडले आणि २००५ मध्ये झाहा हदीद यांनी रचलेले विज्ञानकेंद्र. आगगाडीत बसले की तासाभराने बर्लिन. जूनमध्ये रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो. खराबवाडीहून गेलेला मुलगा दिवसपाळी संपवून बाहेर पडतो तेव्हा त्याच्यापुढे पाच तासांचा दिवस शिल्लक असतो, आणि त्याचे काय करायचे हे त्याला कोणी शिकविलेले नसते.

जर्मनमध्ये या वेळेला ‘फायरआबेंट’ असा शब्द आहे. मूळचा अर्थ सणाची पूर्वसंध्या. पुढे तो काम सुटण्याच्या वेळेला आणि त्यानंतरच्या संध्याकाळीला लागू झाला. सहकारी एकमेकांचा निरोप घेताना तो शुभेच्छेसारखा म्हणतात. मराठीत आम्ही त्याला प्रतिशब्द शोधून पाहिला. ‘पाळी सुटली’, ‘सुट्टी झाली’, ‘भोंगा वाजला’ हे सारे कारखान्याच्या बाजूने बोललेले शब्द आहेत. काम संपल्याची वार्ता त्यांत आहे. त्यानंतरची वेळ माणसाची स्वतःची आहे, हा भाव नाही. दिवेलागण, सांजवेळ, तिन्हीसांजा या शब्दांना घर आहे, देव आहे, परतणारी गुरे आहेत. पण पगारी काम करून मोकळा झालेला माणूस त्यांत कोठे उभा आहे? शेतीप्रधान भाषेत तो नसणे स्वाभाविक. पिंपरी-चिंचवडला सात दशके कारखाने चालूनही तो आला नाही, याचा विचार मात्र आपण भाषेच्या अभ्यासकांनी करायला हवा.

परतून आलेल्यांशी बोलताना आमचा एक समज हळूहळू बदलत गेला. आम्ही संग्रहालयांविषयी, संगीतसभांविषयी विचारीत असू. आणि तेही त्याविषयी सांगत, छायाचित्रे दाखवीत. पण बोलणे रंगे ते वेगळ्याच गोष्टींवर: कालव्याच्या काठी नुसते बसणे, सायकलने परगावी जाणे, रविवारी दुकाने बंद असल्यामुळे आधी चिडणे आणि नंतर त्या शांततेची सवय होणे, साहेब साडेचारला खरोखरच घरी जातो हे पाहणे. त्यांनी तेथे उपभोगलेली सर्वांत परदेशी वस्तू म्हणजे संध्याकाळ. आणि चाकणला परतल्यावर नेमकी तीच हातची गेली. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात दुसऱ्या पाळीवरच्या माणसाला संध्याकाळ नसतेच, आणि दिवसपाळीवाल्याची आंबेठाण चौक ते मोशी या टप्प्यात बसच्या खिडकीशी संपते. नाटक पाहायचे तर भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह किंवा चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह गाठावे लागते. वाहतुकीचा अंदाज घेऊन तिसऱ्या अंकाला पोचण्याची तयारी ठेवावी.

उलट दिशेनेही माणसे येतात. जर्मन, कोरियाई, जपानी तरुण आपल्या उमेदवारीचे महिने चाकणच्या कारखान्यांत काढतात. गावाला परदेशी नवा नाही म्हणा. बहमनी काळात, पंधराव्या शतकाच्या मध्यास, कोकणच्या मोहिमेतून वाचून आलेल्या परदेशी सैनिकांनी चाकणच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि दख्खनी सरदारांनी त्यांची तेथे कत्तल केली, असे फिरिश्ता सांगतो. त्याच किल्ल्यात १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाला पन्नासहून अधिक दिवस झुंजविले. आजच्या पाहुण्याला यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही. तो राहतो पुण्यात, कोरेगाव पार्कात किंवा कल्याणीनगरात, आणि चाकणला येतो तो वातानुकूलित गाडीतून. युरोपीय माणसाच्या पुण्यातल्या संध्याकाळीचा पत्ता चाकणच्या कारखान्यांच्या कितीतरी आधी ठरलेला होता: ओशोंचा आश्रम १९७४ पासूनचा, अय्यंगारांची योगसंस्था १९७५ पासूनची. तो गणेशोत्सवात ढोलपथकामागे चालतो, सिंहगड चढतो, पिठलेभाकरी खातो, आणि घरी जे सांगतो त्यात पुणे असते. चाकण नसते. म्हणजे आमच्या प्रवासवर्णनांत काम आणि शहर यांची जी फारकत झाली, ती त्यानेही केली. फरक इतकाच की त्याच्या बाबतीत तिचा एक रस्ताच आहे, पुणे-नाशिक महामार्ग.

या दोघांखेरीज तिसरा एक उमेदवार चाकणला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली आयटीआय करून आलेला बीड, लातूर, यवतमाळचा मुलगा. कायद्याने आपला जुना शब्द जपला, ही त्यातली एक बरी गोष्ट. त्याच्यापुरते चाकण हेच परदेश. खोलीत चौघे-पाचजण, जेवणाचा डबा लावलेला, आणि रविवारी पी. एम. टी.ने, म्हणजे आताच्या पी. एम. पी.ने, पुणे पाहायला जायचे: शनिवारवाडा, दगडूशेठ, लक्ष्मी रस्त्याला एक फेरी. तो ते फोटो गावी पाठवितो आणि घरून उलटा प्रश्न येतो, पैसे किती उरले? आनंदीबाईंना लुगड्याविषयी विचारले गेले त्याच्या कुळातलाच हा प्रश्न आहे. याच्या घरी कोणी पॉलिसी गहाण टाकलेली नसेल, पण बहिणीचे लग्न थांबलेले असते. त्यामुळे तोही सांगताना काम सांगतो, शहर गाळतो.

फाळक्यांनी आपल्या दोन महिन्यांविषयी लिहिले ते परतल्यावर पाच-सहा वर्षांनी. चाकणच्या पहिल्या तुकड्या जर्मनीहून परतल्या त्याला आता पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला. २०१६ च्या जानेवारीत पिंपरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा ग्रंथदालनात हिंडताना आम्ही या विषयाचे काही मिळते का ते पाहत होतो. प्रवासवर्णनांचे गाळे भरलेले होते, यशस्वी उद्योजकांच्या चरित्रांचेही. कपाळावरचा घाम पुसून दिवसा वेल्डिंगचा रोबो शिकणारा आणि रात्री नऊच्या उन्हात आल्टोच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून घरी फोन लावणारा माणूस त्या दोहोंपैकी कोणत्याही गाळ्यात नव्हता. त्याला गृहिणीपासून प्राध्यापकांपर्यंत कोणीही वाचले असते. पण तो लिहायला बसेल कधी? दुसरी पाळी सुटून बस तळेगाव चौकात येते तेव्हा बाराला थोडा अवकाश असतो. भुर्जीपावाच्या गाड्या तेवढ्या जागत असतात, आणि सकाळी पाणी भरायला साडेपाचला उठायचे असते.